हललेली रेघ

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन भांडणे हमखास होतात. पहिले रंगाचे. मी आर्वीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो; तेव्हा भिंतींच्या रंगाबाबत शेवटचा शब्द माझा असावा अशी माझी समजूत, आणि त्या भिंती वर्षभर पुसाव्या लागत असल्यामुळे तो शब्द आपला असावा अशी आमच्या सौभाग्यवतींची. दुसरे भांडण माझ्या कागदांचे. मी कादंबऱ्या लिहितो. आजवर चार छापून आल्या. त्यांचे खर्डे माळ्यावर, पलंगाखाली आणि एकदा तर गव्हाच्या कोठीतही सापडले. ते सारे रद्दीवाल्याच्या स्वाधीन करावे, असे घरचे मत आहे. ही दोन भांडणे आम्ही फराळाच्या यादीतलीच धरतो. ती झाली नाहीत तर चकली खाऊनही दिवाळी झाल्यासारखे वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मात्र भांडणांची मोजदाद ठेवणे अशक्य झाले. दूध उतू गेले म्हणून रडणे, मुलीची वेणी सैल झाली म्हणून आदळआपट, आम्ही दोघे गोधडीत कुडकुडत असता हिचा पंखा भरधाव. बांगड्या मनगटावरून कोपराकडे चढू लागल्या होत्या. रात्री दोनला जाग यावी, तर ही अंगणात येरझारा घालते आहे. विचारले तर उत्तर ठरलेले : "मले काई झालं नाई जी. तुमी झोपा." मी झोपत असे. मनाशी म्हणत असे, चाळिशी आली की बायकांचा स्वभाव बदलतो. आणि लेखक माणसाने अशा गोष्टी टिपून ठेवाव्यात. मी त्या टिपल्याही होत्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी चौथी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका शाळामास्तराची कजाग बायको आहे. ते पात्र अगदी जिवंत उतरले आहे, असे दोन-तीन वाचकांनी पत्राने कळवले. ते कोठून उतरले, हे त्यांना मी कळवले नाही. आमच्या घरी माझी पुस्तके कोणी वाचत नाही, हा माझा मोठाच दिलासा होता.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ती अंगणात रांगोळी काढत होती. येथे एक कबुली देतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. पण एका दमात, हात न उचलता, वळणदार रेघ ओढणे मला आजही तिच्याइतके साधत नाही. ते हात घरात पाहून मी मनातल्या मनात अनेकदा खाली मान घातली आहे. त्या पहाटे मात्र रेघ कापत गेली; ठिपक्यापाशी पोचता पोचता फुटली. मी चहाचा पेला हातात घेऊन पायरीवर उभा होतो. वर्गात बोलतो त्याच आवाजात म्हणालो, "रेघ हलली."

तिने वर पाहिले. काही बोलली नाही. तळव्याने सबंध रांगोळी पुसली आणि आत निघून गेली.

भाऊबिजेला तिचा धाकटा भाऊ हिंगणघाटहून आला. ती ओवाळायला उभी राहिली, तबकातल्या निरांजनाचा उजेड खालून गळ्यावर पडला, आणि पोरगा पाटावरूनच म्हणाला, "ताई, तुया गयाले काय झालं वं?"

गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला जे ओवाळणीच्या उजेडात दिसले, ते रोज समोर जेवायला बसणाऱ्या आणि 'नीट बघायला शिका' हे सांगून पगार घेणाऱ्या मला दिसले नव्हते.

मग दवाखाने सुरू झाले. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चित्र दिव्यापुढे धरले आणि गाठ कापून काढायला हवी, उशीर नको, असे सांगितले. कर्करोग हा शब्द त्यांनी उच्चारला नाही; पण तो न उच्चारण्याची त्यांची पद्धत अशी होती की आम्हाला तो स्पष्ट ऐकू आला. जाता जाता त्यांनी हेही सांगितले, की आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच जाते. तिला धक्का लागण्याचा थोडा संभव असतोच.

आमची ही भजनी मंडळात गाते. तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर तिच्या तोंडून ऐकायला शेजारच्या गल्लीतली माणसे येतात. बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "मरन आलं तं आलं. पन गयाच गेला तं जगून काय करू जी?" मला उत्तर सुचले नाही. कादंबरीत अशा वेळी माझ्या पात्रांना फार चांगली उत्तरे सुचतात.

घरी मी ते सोनोग्राफीचे चित्र पुन्हा पुन्हा पाहिले. लांबी, रुंदी, कडा, सारे होते. आम्ही याला बाह्यरेषा म्हणतो. मूल प्रथम तीच काढायला शिकते आणि बहुतेक मुले जन्मभर तेथेच थांबतात.

शेवटी वर्ध्याच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. तिची नाडी मोजली, दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळपानासारखा थरथरू लागला. माझ्या डोळ्यांपुढे अंगणातली रांगोळी आली. रक्त तपासून आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, गाठ दिसते कशी ते कळले. आता ती करते काय ते पाहू." आणि त्यांनी नागपूरला एका तपासणीसाठी चिठ्ठी दिली. त्या शास्त्राचे नाव न्यूक्लिअर मेडिसिन.

पहाटेच्या एस. टी.ने आम्ही नागपूर गाठले. पांढरा कोट घातलेला एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने वाकून नमस्कार केला. माझाच विद्यार्थी! पुढे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकला. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेले हे कॉलेज. तेथे नव्या विद्यार्थ्यांना आरंभीचे काही दिवस आश्रमात राहावे लागते आणि अंगावर खादी घालावी लागते. या मुलाने आठवीत काढलेल्या आंब्याला मी वांगे समजून गुण दिले होते. त्याने ते मनात ठेवले नव्हते, असे दिसले.

अणूचे औषध टोचणार म्हटल्यावर ही दारातच अडली. "बॉम्बातलं?"

"बाई, तुमच्याकडे गवळाऊ गाय आहे ना?" त्याने विचारले. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याची गाय. पांढरी, चपळ आणि थोडी मानी. "तशी आमच्याकडेही एक गाय आहे. आम्ही तिला गायच म्हणतो." त्याने काचेतून शिशाची एक जाड डबी दाखवली. तिच्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो. तो आपोआप मोडत राहतो आणि त्यातून टेक्नेशियम नावाचे दुसरे द्रव्य तयार होते. रोज सकाळी डबीतून मिठाचे पाणी ओढून घ्यायचे, त्याबरोबर टेक्नेशियम उतरते. यालाच जगभरचे डॉक्टर 'दूध काढणे' म्हणतात. या दुधाचे तेज सहा तासांत निम्मे होते, पुढच्या सहा तासांत त्याच्याही निम्मे. म्हणून रोज ताजे काढावे लागते. आठवडाभराने गाय आटते.

"म्हंजे भाकड होते," ही म्हणाली, आणि दंड पुढे केला.

सुई टोचल्यावर वीसेक मिनिटे थांबायचे होते. तो मला आपल्या खोलीत घेऊन गेला. पुस्तकवाल्या माणसाची नजर दुसऱ्याच्या घरी प्रथम कपाटाकडे जाते. तेथे एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, पाठीची शिवण सुटलेला. 'प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन', १९८४. लेखक आर. डी. लेले.

"लेले? म्हणजे आपले लेले?"

"आपलेच, सर. रामचंद्र दत्तात्रय लेले. या शास्त्राचे भारतातले जनक म्हणतात त्यांना."

त्या वीस मिनिटांत त्याने मला जे सांगितले, आणि पुढे मी स्वतः शोधून वाचले, ते येथे थोडक्यात देतो. कारण त्याची आरंभकथा खानावळीची आहे आणि ती दिवाळीच्या वाचकांना आवडेल.

१९११ साली मँचेस्टरमध्ये जॉर्ज हेवेसी नावाचा एक हंगेरियन तरुण संशोधन करीत होता. त्याच्या घरमालकिणीच्या जेवणाविषयी त्याला संशय होता : पानात टाकलेले उरलेसुरले मांस पुन्हा नव्या नावाने ताटात येते. बाई शपथेवर नाकबूल. तेव्हा त्याने एके दिवशी पानात टाकलेल्या अन्नात किरणोत्सर्गी द्रव्याचा कण मिसळला. पुढे ताटात आलेल्या पदार्थापाशी त्याने उपकरण धरले, आणि ते बोलले! ही हकीकत त्यानेच पुढे सांगितली आहे. याच कल्पनेच्या शास्त्रशुद्ध वापराबद्दल त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना साधी आहे. एखादी वस्तू शरीरात कोठे जाते हे पाहायचे असेल, तर तिच्या सोबतीला खूण पटवणारा एक कण पाठवा आणि बाहेरून त्याचा माग काढा. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. मग आयोडीनच किरणोत्सर्गी करून द्या, म्हणजे ती किती ओढते ते कळेल. १९५१ साली कॅसन यांनी असे एक यंत्र आणले, की जे गळ्यावरून एकेका ओळीने फिरत ठिपके उमटवी. आमची मुले छायाकाम करतात अगदी तसे. १९५८ मध्ये हॅल अँगर यांचा कॅमेरा आला, तो सारे एकदम टिपू लागला.

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी पेटली. पुढे १९६३ मध्ये परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारी अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. अणू म्हणजे हिरोशिमा, एवढेच लोकांना ठाऊक होते, तेव्हा त्याला रुग्णाच्या उशाशी आणून बसवायचे होते. आणि त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञाइतकीच नाडीवर बोट ठेवणाऱ्या वैद्याची गरज होती. १९२८ साली जन्मलेले लेले हे असे वैद्य. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे आणि जे. जे. रुग्णालयाचे ते अधिष्ठाता होते. जसलोक रुग्णालयात आणि पुढे लीलावतीत त्यांनी या शास्त्राचे विभाग उभारले. १९८४ चा हा ग्रंथ लिहिला. दोन वर्षांनी त्यांनी आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांची सांगड घालणारा ग्रंथ लिहिला. आणि १९८८ मध्ये, आमच्याकडे संगणक म्हणजे काय हे वर्तमानपत्रातही समजावून सांगावे लागे तेव्हा, वैद्यकातील संगणकावर पुस्तक लिहिले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मी ग्रंथ चाळत होतो. अक्षर समजत होते, अर्थ समजत नव्हता. मास्तरी प्रश्न मात्र सुचला. "हा आता कोणी वाचतो का रे?"

तो खरे बोलला. "पुष्कळ जुना झाला, सर. यंत्रे बदलली. २००२ मध्ये परळला पहिले पेट स्कॅनचे यंत्र आले, तेव्हापासून तर सगळेच पालटले. हल्ली विद्वानाचे वजन, त्याच्या निबंधांचा आधार दुसऱ्यांनी किती वेळा घेतला, यावरून मोजतात. आकडा येतो प्रत्येकाचा. पण माझे गुरुजी याच पुस्तकावर शिकले, आणि मी त्यांच्यापाशी. ते एकच वाक्य आमच्याकडून घोकून घेत : आधी विचारा, हा अवयव करतो काय?"

मला आर्वीच्या वाचनालयातली माझी तिसरी कादंबरी आठवली. तिच्या मागच्या पानावर सात तारखांचे शिक्के आहेत. त्यातले दोन माझेच.

कॅमेऱ्याखाली ती मान मागे टाकून निश्चल पडली होती. यंत्र तिच्याकडे काहीच पाठवत नव्हते. क्ष-किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि सावली पाडतात. येथे उजेड तिच्या आतूनच येत होता आणि यंत्र नुसते ऐकत बसले होते. पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. ही ग्रंथी फुलपाखरासारखी असते, दोन्ही पंख सारखे भरून यावेत, असे त्याने मला आधी सांगितले होते. मी पंखांची वाट पाहत होतो. ते उमटलेच नाहीत. उजवीकडे एकच गोल, निखाऱ्यासारखा, भरत गेला. बाकी सारी जागा जवळजवळ रिकामी.

माझे पाय गळले. तो मात्र हसत होता.

"सर, गाठ गरम आहे! म्हणजे काम करणारी. अशा गाठीत कर्करोग फार क्वचित निघतो. गार असती तर सुई घालून तपासावी लागली असती. त्यातल्याही बहुतेक निरुपद्रवीच असतात. ही कोणाचा हुकूम मानत नाही, रात्रंदिवस एकटी राबते. तिच्या एकटीच्या कामानेच शरीराची गरज भागून वर उरते, म्हणून बाकीची ग्रंथी झोपी गेली आहे. बाईंची धडधड, हातांचा कंप, झोप न येणे, उकाडा, राग, हे सगळे तिचेच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हा बाईंचा स्वभाव नव्हे, सर."

मी त्याला स्वभावाविषयी एक अक्षर बोललो नव्हतो. रुग्णांच्या सोबत येणारे नवरे त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

परतीच्या एस. टी.त ती माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मला रॉन्टजेन आठवत होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरातला. त्या गृहस्थांपाशी मॅट्रिकसारखे शाळा सुटल्याचे प्रमाणपत्रही नव्हते, म्हणून मला ते पहिल्यापासून जवळचे वाटतात. त्याच वर्षी नाताळापूर्वी त्यांनी आपल्या पत्नीचा हात काचेवर ठेवून चित्र घेतले. हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. ते चित्र सगळ्या जगात गेले. तो हात दिवसभर काय करीत असे, ते मात्र त्यात कसे दिसणार? मीही माझ्या बायकोचे एक चित्र काढले होते. आदळलेली भांडी, तडकलेली वाक्ये, सारे हुबेहूब. तेही छापून चार लोकांत गेले होते. तिच्या आत काहीतरी तिलाच न विचारता जळत आहे, ते माझ्या चित्रात नव्हते. ते दाखवायला एक गवळाऊ नसलेली गाय लागली. आणि ज्यांनी आपल्या देशात ती बांधण्याची, राखण्याची आणि तिचे दूध काढण्याची विद्या पोरांना शिकवली, ती माणसे लागली. लेल्यांच्या निबंधांचा आकडा काय येतो ते मला ठाऊक नाही. आमच्या घरापुरता तो एक आहे, आणि तो कोणत्याही यादीत चढलेला नाही.

उपाय सुईहूनही सोपा निघाला. जानेवारीत ट्रॉम्बेहून आलेले किरणोत्सर्गी आयोडीन तिला नळीने प्यायला दिले. पेलाभर पाणी प्यावे इतकेच. झोपलेली ग्रंथी ते घेत नाही. राबणारी गाठ आधाशासारखे ओढते आणि आपल्याच हावरेपणाने आतून जळते. सुरी नाही, आवाजाच्या नसेला धक्का नाही. फक्त काही दिवस मुलीपासून दूर राहायचे. नेमकी संक्रांत त्यातच आली. हळदीकुंकू बंद, पांघरूण वेगळे, ताट वेगळे. आमची नऊ वर्षांची लेक उंबऱ्यावर तिळगुळाची वाटी ठेवी, चार पावले मागे सरे आणि ओरडे, "आई, गोड बोल!" आतून आवाज येई, "बोलतो वं माय!" मी ओसरीवर वह्या तपासत असे. त्या आठवड्यात मी मुलांना फार गुण दिले.

बदल हळूहळू आला. होळीपर्यंत पंखा मंदावला. उन्हाळ्यात बांगड्या मनगटावर परतल्या. आषाढी एकादशीला ती पुन्हा खंजिरी घेऊन बसली. पहिल्या चरणाला आवाज किंचित चाचपडला, मग लागला.

पुढच्या नरकचतुर्दशीला मी पहाटे पायरीवर येऊन उभा राहिलो. या खेपेला चहा दोघांचा केला होता. ती ठिपके मांडून रेघ ओढत होती. एका दमात, हात न उचलता. शेवटच्या ठिपक्याला वळसा घालून तिने रेघ मिळवली आणि मान वर न करताच विचारले, "पाहा जी, हलली काय?"

"नाही," मी म्हणालो. आणखी बरेच बोलायचे होते. वर्षभर मनात जुळवून ठेवले होते. तिने रांगोळीची चिमूट झटकली आणि म्हणाली, "त्या तुमच्या पुस्तकातल्या बाईलेबी एकडाव नागपूरले नेऊन आना."

यंदा भिंतींना रंग तिच्या पसंतीचा लागला आहे.